प्रशिक्षित श्वान

"सर, विळा शस्त्रात येतो का?"

मी शिक्षकखोलीत अकरावीच्या निबंधांवर लाल पेन चालवत होतो. मान वर केली तर दारात सुवर्णा वाघमोडे उभी. बारावी शास्त्र, पहिला बाक. ही मुलगी प्रश्न विचारायला यायची तेव्हा उत्तर आधीच शोधून आलेली असायची. फक्त ते आपल्या तोंडून ऐकायचं असे.

"का गं?"

तिनं हातातला कागद पुढं केला. तो मीच लिहिलेला असल्यामुळं वाचायची गरज नव्हती, पण वाचल्यासारखं केलं. 'विद्यार्थी वाहन नियमावली, कलम सहा. आवारात उभ्या असलेल्या कोणत्याही वाहनात शस्त्र अथवा अडीच इंचांहून लांब पाते असलेली वस्तू आढळल्यास...'

"आमच्या विळ्याचं पातं वीतभर हाय," ती म्हणाली.

"मग विळा घरी ठेव."

"घरी ठिवला तर मीबी घरीच राहणार, सर."

तिचा हिशेब सरळ होता. वाघमोडेवाडीहून सकाळची एसटी तांबवड्याला पोचायची तोवर आमचं पहिलं प्रॅक्टिकल संपत आलेलं असे. म्हणून मामानं वापरलेली एक जुनी स्कूटी तिला मिळाली होती. बापानं, म्हणजे तिच्या दादांनी, बिरू वाघमोड्यांनी, एका अटीवर तिला कॉलेजला सोडलं होतं: येताना दोन म्हशींची वैरण कापून आणायची. मामाचं शेत वाटेवरच होतं. त्यामुळं स्कूटीच्या सीटखाली जीवशास्त्राचं जर्नल, दोरी आणि विळा असे तिघं एकत्र प्रवास करत.

"मामाच्या बांधावर ठेवत जा की."

"मागला तिथंच ठिवला हुता. गेला. दादा म्हणले, परत विळा हरवला तर शाळाबी हरवली समज." मग जरा थांबून म्हणाली, "आणि गाडीवरचं परवान्याचं स्टिकर गेलं तर गाडी बंद. गाडी बंद तर शाळा बंद. एका मावशीनं स्थळ आणलंयच."

हे सगळं तिनं वर्तुळाचं क्षेत्रफळ सांगावं तसं सांगितलं. मी लाल पेनाला टोपण लावलं.

आता ते अडीच इंच कुठून आले, ते सांगायला हवं. आमचं कै. रावसाहेब रणवरे विद्यालय ऊसपट्ट्यात. ऊस गोड लागायला लागल्यापासून अकरावी-बारावीची पोरं सायकली सोडून गाड्यांवर यायला लागली. एकदा त्यांच्या गाड्यांच्या गर्दीत संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब रणवरे यांची जीप अडकली, आणि आबासाहेबांना फाटकापासून कार्यालयापर्यंत चालावं लागलं. संस्थेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी ते अमेरिकेतल्या मुलाला, हर्षवर्धनला, फोनवर सांगितलं. हर्षवर्धननं तिकडच्या कुठल्याशा शाळा-जिल्ह्याची नियमपुस्तिका पाठवून दिली. विद्यार्थ्यांनी गाड्या कुठं लावायच्या, कशा लावायच्या, आणि लावलेल्या गाड्यांची झडती शाळेनं कशी घ्यायची, याचं ते पुस्तक होतं.

"हे मराठीत आणा," आबासाहेब मला म्हणाले. "तुम्ही विनोदी लिहिता, तुम्हाला जमेल."

मी दिवाळी अंकांत अधूनमधून काहीबाही लिहीत असे. विनोदी लिहिणाऱ्या माणसाकडं संस्थेतली सगळी गंभीर कामं येतात, कारण बाकीच्यांना ती करताना हसू येतं.

मी इमानेइतबारे भाषांतर केलं. 'वाहन उभे करणे हा हक्क नसून सवलत आहे. आवारात वाहन लावणाऱ्याने झडतीस संमती दिली असे समजण्यात येईल. झडतीसाठी प्रशिक्षित श्वानाचा उपयोग करण्यात येईल. निषिद्ध वस्तू सापडल्यास वाहनाचा परवाना वर्षभरासाठी रद्द करून वस्तू पोलिसांच्या ताब्यात द्यावी.' हिमवृष्टीच्या दिवशी वाहनतळ कोणत्या बाजूनं मोकळा करावा, याचं कलमही मी ठेवलं होतं. आमच्या तालुक्यात पाऊसच जेमतेम. पण नियम असलेला बरा.

मसुदा तपासला प्राचार्य लिगाडे सरांनी. लिगाडे म्हणजे गणित. उभा, सडपातळ, बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस. बोर्डाचे पेपर तपासून तपासून त्यांचा चेहराच मॉडरेटरसारखा झाला होता. त्यांना मी उभ्या नोकरीत दोनदा हसताना पाहिलं असेल, त्यातलं एकदा दात दुखत होता. शिक्षकखोलीत त्यांचं एकच वाक्य प्रसिद्ध होतं. कुणी वर्गाबद्दल तक्रार केली की म्हणायचे, "एका पोराचं उत्तर चुकलं तर पोराला समजवा. सगळ्यांचं चुकलं तर आधी प्रश्न तपासा."

त्यांनी माझ्या मसुद्यात दोनच बदल केले. हिमवृष्टीवर काट मारली. आणि कलम सहामध्ये मी 'विद्यार्थ्यांच्या वाहनात' असं लिहिलं होतं, ते खोडून 'कोणत्याही वाहनात' केलं. बारीक पेन्सिलीनं. गणिताच्या माणसाला मोघम चालत नाही, असं मी मनाशी म्हणालो.

तर सुवर्णाचा प्रश्न घेऊन मी त्यांच्याकडं गेलो.

"सर, एक मुलगी आहे. तिच्या गाडीत विळा असतो."

"पातं किती?"

"वीतभर."

"मग बसत नाही नियमात."

"सर, वैरणीचा विळा आहे तो."

"नियमात वैरण नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "कोण, वाघमोडे का? गाडी कुठं लावते?"

"शेडमध्ये, मधल्या खांबापाशी."

"हं," म्हणाले, आणि वेळापत्रक पुढं ओढलं. भिंतीला पाठ फिरवता येते, पण भिंतीनं पाठ फिरवली तर काय करणार? मी बाहेर आलो.

उपाय मीच काढला. शाळेच्या फाटकासमोर गणपत लोहाराचं सायकलींचं दुकान होतं. सुवर्णानं सकाळी विळा गणपतकडं ठेवायचा, शाळा सुटल्यावर घ्यायचा. गणपत म्हणाला, "ठेवा की. धारबी लावून देतो." पंधराएक दिवस हे उत्तम चाललं. विळ्याला धार आली, मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो. नियम न मोडता नियम हरवणं यासारखं सुख नाही. प्राचार्यांनाही मी ते सांगून टाकलं, थोडं खिजवायला म्हणून. ते "बरं" म्हणाले.

कुत्र्याचा प्रश्न मात्र शिल्लक होता. हर्षवर्धन दसऱ्याला गावी येणार होता आणि नियमावलीची पहिली झडती त्याच्यासमोर व्हायची होती. त्यानं फोनवर विचारलं होतं, "डॉगची सोय झाली ना?"

आमच्या आवारात कुत्रा होताच. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, एक कान कायमचा पडलेला. तो दिवसभर कुठं असायचा देव जाणे, पण डबे उघडायच्या वेळेला हजर. पोरांनी त्याचं नाव 'डेप्युटी' ठेवलं होतं, कारण डेप्युटी शिक्षणाधिकारीही त्याच वेळेला तपासणीला येत.

"हा प्रशिक्षित आहे का?" मी शिपाई हणमंतला विचारलं.

"घंटा ओळखतो की, सर."

"झालं तर."

झडतीचा दिवस ठरला खंडेनवमीचा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी आणि त्यानंतर हर्षवर्धनचं विमान, म्हणून दुसरा दिवसच नव्हता. आदल्या दिवशी संध्याकाळी लिगाडे सरांनी मला बोलावलं.

"सबनीस, उद्या कार्यालयासमोर लिंबाखाली पूजेचा मांडव घालायला सांगितलाय. शिक्षकांनी गाड्या बाहेर भिंतीकडेला लावाव्यात. तुम्ही सांगा सगळ्यांना."

"सांगतो."

"आणि काय हो, गणपतचं दुकान उद्या उघडं असतं का?"

"हवा भरायची होती का?"

"अंऽ, हो. चाक जरा बसलंय."

"असेल की उघडं," मी म्हणालो.

खंडेनवमीला आमच्या भागात ज्याची त्यानं आपल्या हत्यारांची पूजा करायची असते. शेतकरी विळे-कुऱ्हाडी धुऊन मांडतो, सुतार पटाशी मांडतो, ट्रकवाला ट्रकला हार घालतो. आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत ते हत्यार जागचं हलवायचं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही 'असेल की उघडं' असं मी म्हणालो होतो. माझी हत्यारं म्हणजे पेन. त्यांना रोजच सुट्टी.

सकाळी शाळेत आलो तर गणपतचं दुकान बंद. फळीवर पंप, पाने आणि एक चिरलेली ट्यूब मांडलेली, त्यांवर झेंडूची फुलं. पलीकडं आमच्या शेडमध्ये लग्नाच्या वऱ्हाडासारखी गाड्यांची रांग: प्रत्येक गाडीच्या मानेत हार, हँडलला आंब्याचे डहाळे, चाकाखाली लिंबं. आणि मधल्या खांबापाशी सुवर्णा.

"सर," ती हळूच म्हणाली, "दादांनी पाटावर विळा मांडायच्या ऐवजी गाडीतच मांडला. म्हणले, गाडी आणि हत्यार, दोन्हीची एकदम पूजा हुती. आता हलवायचा नाही. दुकानबी बंद हाय."

"मग आज आलीस कशाला?"

"जर्नलवर सह्या हायत ना आज. शेवटचा दिवस."

"गाडी बाहेर काढ. लगेच."

ती वळली, मीही वळलो, आणि दोघांनी बघितलं: हणमंत फाटकाला कुलूप घालत होता. कलम चार. 'झडती सुरू असताना कोणतेही वाहन हलवू नये.' हेही मीच लिहिलं होतं, आणि बऱ्यापैकी सोप्या मराठीत.

आबासाहेबांची जीप त्याआधीच आत आली होती. आबासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोक्याला फेटा. हर्षवर्धन अर्ध्या विजारीत, गळ्यात कॅमेरा. लिगाडे सर हातात नियमावली घेऊन उभे. डेप्युटीला हणमंतनं गळ्यात सुतळी बांधून आणलं होतं. सुतळीवरून तो प्रशिक्षित वाटत होता.

"दॅट्स द डॉग?" हर्षवर्धन म्हणाला.

"देशी आहे," मी म्हणालो. "पण इमानी."

आबासाहेबांनी लिगाडेंना विचारलं, "कट्यार आणली ना सर?"

संस्थेचे संस्थापक रावसाहेब रणवरे यांच्या घराण्यातली एक कट्यार दर खंडेनवमीला शाळेत पूजेला आणायची पद्धत होती. एरवी ती आबासाहेबांच्या बंगल्यावरून जीपमधून यायची, पुढं हलगी वाजवत. या वर्षी लिगाडे सर म्हणाले होते, झडतीच्या गडबडीत मिरवणूक नको, मी सकाळी येता येता घेऊन येतो.

"आणलीय," लिगाडे म्हणाले. "आधी झडती उरकू, मग पूजा."

झडती सुरू झाली. हणमंत डिकी उघडायचा, हर्षवर्धन फोटो काढायचा, मी सापडलेल्या वस्तू मोठ्यानं सांगायचा. कंगवा. ओला टॉवेल. एक पेरू, खाल्लेला. दुसरा पेरू, न खाल्लेला. क्रिकेटचा चेंडू. एका डिकीत कोंबडीचं अंडं निघालं. मालक म्हणाला, कोंबडी घरची आहे, गाडीत घालते, सांगून ऐकत नाही. हर्षवर्धनच्या चेहऱ्यावर निराशा दिसायला लागली. डेप्युटी प्रत्येक गाडीचा वास घेत होता, पण श्राद्धाच्या जेवणाला बोलावलेल्या माणसासारखा, पुढचं पान लवकर येऊ दे अशा बेतानं. त्याचं लक्ष रांगेच्या शेवटाकडं होतं.

मी वेळ काढायचा प्रयत्न केला. एका डिकीतल्या पान्याचं माप घ्यावं का, यावर मी बराच वेळ बोललो. लिगाडे म्हणाले, "पाना बोथट असतो, सबनीस. पुढं चला."

मधला खांब आला.

हणमंतनं सीट उचललं. आत जर्नल होतं, दोरी होती, आणि झेंडूच्या पाकळ्यांत, हळदकुंकवानं माखलेला, गणपतनं धार लावलेला विळा. उन्हात असा चमकला की मीच डोळे मिटले.

"ओके," हर्षवर्धन म्हणाला. "धिस इज अ वेपन."

"पूजेचा हाय, साहेब," सुवर्णा म्हणाली. आवाज स्थिर होता, पण तिनं खांबाला हात लावला होता.

आबासाहेब चुळबुळले. वाघमोडेवाडीची मतं त्यांच्या ध्यानात आली असावीत. "लिगाडे सर, म्हणजे, आजचा दिवस..."

"नियमात दिवस नाही," लिगाडे म्हणाले. "हणमंत, टेप."

हणमंतनं शिंप्याची टेप लावली. "नऊ भरतंय."

"स्टिकर काढ."

"सर," मी म्हणालो, "जरा बाजूला येता का?"

"जे आहे ते इथंच बोला."

"या मुलीचं स्टिकर गेलं तर तिची शाळा जाते. तुम्हाला ते माहीत आहे."

"माहीत आहे. हणमंत, स्टिकर."

हणमंत नखानं स्टिकर खरवडायला लागला. तो मुद्दाम हळू खरवडत होता. सुवर्णानं डिकीत हात घालून जर्नल तेवढं बाहेर काढलं, त्यावरची पाकळी झटकली, आणि ते छातीशी धरून उभी राहिली. सह्या तर घेऊन टाकाव्यात, असं काहीसं तिच्या मनात असावं. मी लिगाडे सरांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मॉडरेटर होता. माझ्या तोंडात आलेला शब्द मी इथं लिहीत नाही. तो आमच्या शाळेत शिकवला जात नसे.

त्याच वेळी डेप्युटीनं हणमंतच्या हातातून सुतळी सोडवली.

तो तीरासारखा रांगेच्या टोकाला गेला आणि शेवटच्या स्कूटरच्या डाव्या बाजूला, डिकीसमोर, बसला. नुसता उभा राहिला नाही, बसला. पुढचे पाय जुळवून, मान वर करून, पडलेला कानसुद्धा जरा उचलून.

"वॉव," हर्षवर्धन कॅमेरा सरसावत म्हणाला. "ही इज अलर्टिंग. काही सापडलं की आमच्याकडं अगदी असेच बसतात डॉग्ज."

"पळ, हणमंत," आबासाहेब म्हणाले. त्यांना त्या विळ्यापासून कुठंही जायचं होतं.

आम्ही सगळे टोकाला गेलो. हणमंत स्कूटरपाशी पोचला आणि थबकला.

"सर, ही तर तुमची."

"माझीच. लिंबाखाली मांडव आहे, बाहेर भिंतीला जागा उरली नाही, म्हणून इथं लावली." लिगाडेंनी खिशातून किल्ली काढून दिली. "उघड."

"सर, तुमची कशाला..."

"कलम सहा. 'कोणत्याही वाहनात.' उघड."

हणमंतनं डिकी उघडली. आत लाल शाल होती. शाल उलगडली. चांदीच्या मुठीची, हातभर लांबीची, रणवऱ्यांच्या सात पिढ्यांची कट्यार. आणि तिच्याशेजारी ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा. डेप्युटीनं कट्यारीकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

मागच्या पोरांत कुणीतरी खोकलं.

"टेप," लिगाडे म्हणाले.

"सर, ही पूजेची..." आबासाहेब म्हणाले.

"ती मुलगीही तेच म्हणाली. हणमंत, टेप लाव. मुठीपासून नको, पातं मोज."

"अकरा," हणमंत पुटपुटला.

"मोठ्यानं."

"अकरा इंच, सर."

"सबनीस, कलम सहा पुढं वाचा."

मी वाचलं. माझा आवाज कापत होता; लोकांना वाटलं भीतीनं. "'... वाहनाचा परवाना वर्षभरासाठी रद्द करून वस्तू पोलिसांच्या ताब्यात द्यावी.'"

"म्हणजे दोन वाहनं झाली," लिगाडे म्हणाले. "वाघमोडे आणि मी. उद्यापासून मी चालत येईन. आणि दोन वस्तू. हणमंत, पोलीस ठाण्यात फोन लाव. सांग, एक विळा आणि रावसाहेबांची कट्यार जमा करायची आहे. जीप पाठवा म्हणावं. कट्यार नीट गुंडाळ, पंचनाम्यात चरा पडायला नको."

आबासाहेबांनी फेटा काढला आणि परत घातला. खंडेनवमीच्या दिवशी, वडिलांची कट्यार, पोलिसांच्या जीपमधून, भर बाजारातून. पुढं हलगीसुद्धा नाही.

"डॅड, टेक्निकली..." हर्षवर्धननं सुरुवात केली.

"गप रे," आबासाहेब म्हणाले. मग सावरून, सभेतल्या आवाजात, "सर, फोन राहू द्या. काय आहे, नियम चांगलाच आहे. पण तिकडच्या हवेचा आहे. इथं माणसं हत्याराला कुंकू लावतात. त्याला इथं मुळं धरायला वेळ लागेल."

"म्हणजे मी काय समजू?" लिगाडे म्हणाले. "कलम सहा ठेवायचं की..."

"सगळंच राहू द्या. झडतीबिडती. फक्त माझ्या जीपला वाट ठेवा म्हणजे झालं."

"मग तसं लिहून देतो, तुम्ही सही करा. सबनीस, घ्या लिहून. आणि हणमंत, वाघमोडेचं स्टिकर लाव."

"अर्धं फाटलंय, सर."

"अर्धं लाव."

आबासाहेब पुढारी होते, त्यांना हवा कळत असे. सही केल्यावर त्यांनी पूजेचं ताट उचललं आणि लिंबाकडं न जाता आधी मधल्या खांबाकडं गेले. स्कूटीच्या डिकीत वाकून त्यांनी विळ्याला कुंकू लावलं, आणि सुवर्णाला म्हणाले, "बिरूला सांग, रणवऱ्यांनी पूजा केली म्हणावं." सुवर्णानं मान हलवली. मग ती जर्नल घेऊन जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडं निघाली. आधी चालत, मग पळत. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर तिनं एकदा थांबून शेडकडं बघितलं, गाडी आहे ना जागेवर, म्हणून. होती.

मी शेडच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

हा किस्सा मी पुढं कितीतरी व्यासपीठांवर सांगितला. त्यात लिगाडे सरांचा 'नियमात बोट घालायला गेले नि बोटच अडकलं' असा प्राचार्य केला. बिस्किटांवर तर हमखास हशा मिळायचा: साखर बंद असलेला माणूस डिकीत लपवून ग्लुकोज बिस्किटं खातो आणि कुत्र्यामुळं उघडा पडतो. लोक डोळे पुसायचे. गावोगावचे प्राचार्य सगळ्यांत जास्त हसायचे.

निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी सांगोल्याला एका वाचनालयात बोलायला गेलो होतो. तिथंही तो सांगितला. लिगाडे सर सांगोल्याचेच, निवृत्तीनंतर तिथंच राहत. कार्यक्रम संपवून त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, होते तसेच सडपातळ.

"बसा. सुवर्णाचा परवाच फोन होता," ते म्हणाले. "बदली झाली. मंगळवेढ्याला."

"कुठल्या खात्यात?"

"जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर आहे ना ती. म्हणत होती, म्हशी ऐकतात, मालक ऐकत नाहीत."

वहिनी चहा घेऊन आल्या. एक कप बिनसाखरेचा, एक माझा. बशीत बिस्किटं.

"तुम्ही घ्या," वहिनी म्हणाल्या. "यांच्यापुढं ठेवून उपयोग नाही. जन्मात बिस्किटाला हात लावला नाही यांनी. लहानपणी कधीतरी बाधलं, तेव्हापासून वास सहन होत नाही."

मी बशीकडं गेलेला हात मागं घेतला.

"कधीच नाही?"

"आमच्या लग्नात नवरा-नवरीला चहा-बिस्किट दिलं, तर यांचं बिस्किट मी खाल्लं," असं म्हणून वहिनी आत गेल्या.

लिगाडे सर चहा फुंकत होते. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. लिंबाखालचा मांडव. या वर्षी मी घेऊन येतो. गणपतचं दुकान उद्या उघडं असतं का. बारीक पेन्सिलीनं केलेला 'कोणत्याही'.

"तुमचं चाक बसलेलं नव्हतंच," मी म्हणालो.

"नव्हतं."

"मला सांगायचं तरी. त्या पोरीसमोर मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोललो."

"ते दिसत होतं तुमच्या तोंडावर. आबासाहेबांनाही दिसत होतं. त्याचा उपयोग झाला." त्यांनी घोट घेतला. "प्रश्नच चुकलेला होता, सबनीस. पण तो आपण रद्द केला तर दुसरा चुकीचा प्रश्न येतो. ज्यानं काढला त्यानंच रद्द करावा लागतो."

"आणि मी गावोगाव तुमची फजिती सांगत हिंडतोय."

"ऐकलीय मी. चांगली सांगता. तशीच सांगत जा."

"पण कुत्रा," मी म्हणालो. "कुत्रा नेमका त्या वेळी गेला, हे तरी नशीब म्हणायचं की नाही? तो वाटेत कुठंही थांबला असता. बसलाच नसता."

लिगाडे सरांनी कप खाली ठेवला. मी पाहिलेलं तिसरं हसू त्यांच्या तोंडावर आलं, आणि या वेळी दात दुखत नव्हता.

"पहिले चार-पाच दिवस नुसता शेपूट हलवायचा," ते म्हणाले. "मी सकाळी लवकर यायचो. डिकीत बिस्किट ठेवायचं, लांब जाऊन उभं राहायचं. उभा राहिला तर काही नाही. बसला की बिस्किट. आठवड्यात शिकला. अकरावीच्या क तुकडीपेक्षा लवकर."

"तुम्ही त्याला शिकवलंत?"

"तुम्हीच तर लिहिलं होतं कलमात," लिगाडे सर म्हणाले. "'प्रशिक्षित श्वान.' मग नियम पाळायला नको?"